वाऱ्याचे भाडे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बीड आणि समुद्र यांचा काय संबंध, असे कुणीही विचारील. बीडहून समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडून सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते. जिल्ह्याची ओळख दुष्काळाची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची. गलबत, शीड, डोलकाठी हे शब्द इथल्या रोजच्या बोलण्यात येत नाहीत. तरीही वाऱ्यावर चालणाऱ्या मालवाहू जहाजांच्या इतिहासातले एक पान या मुलखातून गेलेल्या बैलगाड्यांचे आहे. आज जगात मालवाहू जहाजांना पुन्हा शिडे लावण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यामुळे ते पान उघडून पाहण्यासारखे आहे.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. लिहिणाऱ्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, तिथे कधी जावे आणि कशापासून जपावे, याची ही व्यापाऱ्याची वही आहे. तिच्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावे येतात. एक पैठण आणि दुसरे तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. ही ओळख जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये पटवून दिली.

भडोचच्या बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, असे ही वही सांगते. पैठणहून अकीक जातीचे दगड येत, तर तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल गाड्यांतून, जिथे धड रस्ताही नाही अशा मोठ्या प्रदेशातून भडोचला उतरवला जाई.

आता नकाशा घ्या आणि पैठण व तेर यांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ बीड शहरावरूनच जाते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. भरलेली बैलगाडी दिवसाला पंधरा किलोमीटर चालली तर बरोबर दहा दिवस होतात. म्हणजे पेरिप्लसचा हिशेब आपल्या शेतकऱ्याच्याही अनुभवाला पटणारा आहे. गोदावरी ओलांडायची, सिंदफणा ओलांडायची, बालाघाटच्या डोंगरांतून वाट काढायची आणि मांजरा पार करायची. ज्या मुलखाला आज आपण बीड जिल्हा म्हणतो, त्याच्या आडव्या पट्ट्यातून ही वाट जात असणार.

इथे कुणी विचारील की कल्याण जवळ असताना भडोच कशाला? त्याचे उत्तरही त्याच वहीत आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर बंदर होते. पुढे राजकीय कारणांनी तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तिकडे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. राजांच्या भांडणाचा भुर्दंड व्यापाराला बसतो आणि तो शेवटी लांबच्या वाटेने चालणाऱ्या गाडीवानाच्या बैलांवर पडतो. हे तेव्हाही खरे होते.

पण या साऱ्या व्यवहाराचा खरा मालक राजा नव्हता. तो वारा होता. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारा येतो आणि हिवाळ्यात तो उलटा, ईशान्येकडून वाहतो. ‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला आणि आपला ‘मोसम’ही तोच. म्हणजे या वाऱ्याचे नावच मुळी वेळेवरून पडले. इजिप्तहून भडोचला निघायला जुलै महिना चांगला, असे पेरिप्लस सांगतो. रोमन लेखक प्लिनीने परतीची वेळ नोंदवली आहे. डिसेंबरात निघावे, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत. ती वेळ चुकली तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबा.

हा हिशेब आपल्या महिन्यांत मांडून पाहू. जहाज डिसेंबरात सुटणार म्हणजे माल मार्गशीर्षात भडोचला हजर हवा. तेरहून भडोच तीस दिवसांची वाट, म्हणजे गाड्या कार्तिकाच्या सुमारास निघायला हव्यात. त्याआधी निघून चालणार नाही, कारण काळ्या मातीतल्या वाटा दसऱ्यापर्यंत ओल्या असतात. त्यानंतर उशीर करूनही चालणार नाही. याचा अर्थ असा की तेरच्या कोष्ट्याचा माग, बीडच्या पट्ट्यातली बैलगाडी, भडोचचे गोदाम आणि तांबड्या समुद्रातले बंदर ही सगळी एकाच घड्याळावर चालत होती. ते घड्याळ अरबी समुद्रावरच्या वाऱ्याचे होते.

या वाऱ्याचा आणि मराठवाड्याच्या कापसाचा संबंध तर आणखी जवळचा. जो नैर्ऋत्य वारा इजिप्तची जहाजे भडोचकडे ढकलत आणी, तोच ढग घेऊन सह्याद्रीवर आदळतो. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि डोंगराच्या या बाजूला, पर्जन्यछायेत, उरलासुरला पाऊस पोचतो. तेवढ्यावर इथला कापूस पिकतो. माल पिकवणारा आणि माल नेणारा वारा एकच होता.

एवढेच नाही. तांबड्या समुद्राच्या काठी इजिप्तमध्ये बेरेनिके नावाचे प्राचीन बंदर होते. तिथल्या उत्खननात शिडांच्या कापडाचे तुकडे मिळाले आणि ते सुती निघाले. त्यांच्या सुताचा पीळ इजिप्तमध्ये रूढ असलेल्या पद्धतीचा नाही, भारतीय पद्धतीचा आहे. म्हणजे भारतीय कापूस या जहाजांत केवळ माल म्हणून जात नव्हता, तो डोलकाठीवर चढून जहाज ओढतही होता. आजच्या भाषेत सांगायचे तर इंजिनाचा एक भाग आपला होता. ते कापड नेमके कोणत्या गावचे, याला महत्त्व नाही. दख्खनचा कापूस ज्या व्यापारात होता, त्याच व्यापारातली ही शिडे आहेत.

सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले होते. वाऱ्याने माल कुठवर नेला, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा.

पण त्या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. वारा फुकट होता, वाट पाहणे फुकट नव्हते. इजिप्तहून भारतात जाऊन परत यायला जवळजवळ वर्ष लागे. तेवढा काळ भांडवल अडकून पडे. समुद्रात बुडालेल्या जहाजाचा हिशेब वेगळाच. ही वाट पाहण्याची किंमत कुणीतरी देत होते. व्यापारी ती मालाच्या भावात धरी. कोष्टी आणि गाडीवान मात्र मोसम हुकला तर वर्षभर घरी बसत. वाऱ्याचेही भाडे असते. ते पैशात मोजले जात नाही, दिवसांत मोजले जाते.

पुढची सतराशे-अठराशे वर्षे राजे बदलले, बंदरे बदलली, जहाजांचे आकार बदलले, पण हे भाडे बदलले नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मचवे, पडाव, गलबते, फत्तेमाऱ्या फिरत राहिल्या. रात्री-पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे धरून बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर किनारा गाठायचा, ही विद्या तांडेलाकडून पोराकडे गेली. पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ देऊन पुन्हा समुद्रात लोटायच्या. हा नुसता सण नाही, वाऱ्याच्या वेळापत्रकातली तारीख आहे.

या व्यवस्थेला पहिला धक्का मुंबईतच बसला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली. तिच्यावर कोळसा इतका लादला होता की इतर मालाला जागाच उरली नव्हती. तरी एडनला पोचेपर्यंत तो जवळजवळ संपला. पहिल्या आगबोटींची ही गंमत ध्यानात ठेवा. शिडाच्या जहाजात पोट मालासाठी असे. आगबोटीचे अर्धे पोट स्वतःच्याच भुकेसाठी लागे. म्हणून वाटेत कोळशाची ठाणी हवीत. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. वाऱ्यासाठी कुणी एडन जिंकले नसते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या गाठी मुख्यतः शिडाच्याच जहाजांतून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इंग्लंडला जात. मग १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला. वाट हजारो किलोमीटरने कमी झाली, पण ती आगबोटींपुरतीच. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात बारा महिने वारा उत्तरेकडून येतो, म्हणजे कालव्याकडे जाणाऱ्या जहाजाच्या तोंडावर. रोमन काळातले व्यापारी याच कारणाने बेरेनिकेसारख्या दक्षिणेकडच्या बंदरात माल उतरवून पुढे उंटांवर लादत. शिडाच्या जहाजाला कालवा असून नसल्यासारखा झाला. वारा हरला तो नुसत्या वेगात नाही, तर वेळ पाळण्यात. तारीख ठरवून माल पोचवायची सोय वाफेने केली आणि व्यापाऱ्याने त्यासाठी कोळशाचे पैसे खुशीने मोजले.

१९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर आशियापर्यंत येऊन गेले आणि हळूहळू कोळशाची जागा तेलाने घेतली. मोठ्या जहाजांत जळते ते बहुतांशी तेल शुद्धीकरणात तळाला उरणारे, घट्ट आणि काळे इंधन. ते स्वस्त म्हणून लोकप्रिय.

वाफेला काय लागते, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको. परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोळसा बाहेरून आणायचा आणि पाणी इथले वापरायचे. २०१५ च्या दुष्काळात पाणीच संपले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. यंत्र शाबूत, पण त्याची तहान भागेना. त्याच जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या पठारावर, पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. सह्याद्रीने पाऊस अडवला, पण वारा पूर्ण अडवला नाही. ज्या वाऱ्याने एके काळी तेरच्या कापडाचे जहाज चालवले, त्याचाच उरलेला जोर आज इथे वीज करतो.

मग जहाजे पुन्हा वाऱ्यावर का चालू नयेत? हा प्रश्न नवा नाही. अँटोन फ्लेटनर या जर्मन संशोधकाने १९२४ मध्ये ‘बकाऊ’ नावाच्या जहाजावर शिडांऐवजी दोन उंच, गोल फिरणारे नळकांडे बसवले. फिरकी दिलेला चेंडू हवेत वळतो, त्याच तत्त्वावर वारा या नळकांड्यांना बाजूला रेटतो आणि जहाज पुढे जाते. १९२६ मध्ये हे जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचले. तंत्र खरे ठरले, पण तेल स्वस्त होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर जपानने १९८० मध्ये ‘शिन ऐतोकु मारू’ या तेलवाहू जहाजावर यंत्राने उघडमीट होणारी शिडे लावली. इंधन वाचले. पुढे तेलाचे भाव पुन्हा उतरले आणि शिडेही उतरली. तेल महागले की वाऱ्याची आठवण होते आणि स्वस्त झाले की ती पुसली जाते.

या वेळी मात्र प्रश्न केवळ तेलाच्या भावाचा नाही. जगाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यापारी माल समुद्रातून जातो आणि माणूस हवेत जो कर्बवायू सोडतो त्यातला सुमारे तीन टक्के वाटा जहाजांचा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये ठरवले की २०५० च्या सुमारास हे प्रमाण निव्वळ शून्यावर आणायचे. म्हणून जगात अनेक वाटा चाचपल्या जात आहेत. नॉर्वेतले ‘यारा बिर्कलँड’ हे कंटेनर जहाज बॅटरीवर चालते, पण त्याचा पल्ला लहान आहे. सौर पत्रे लावून पाहिले. जपानच्या ‘ऑरिगा लीडर’ या मोटारवाहू जहाजावर २००८ मध्ये ३२८ पत्रे बसवले, त्यांतून मिळाली ती सुमारे ४० किलोवॉट वीज. एवढ्या मोठ्या जहाजाच्या भुकेपुढे ती चिमूटभरच. हरित मिथेनॉलवर चालणारी जहाजेही समुद्रात आली आहेत, पण ते इंधन महाग आहे आणि थोडे आहे.

या सगळ्यांत वाराच असा, जो कारखान्यात बनवावा लागत नाही आणि बंदरात भरून घ्यावा लागत नाही. ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीची दोन ताठ शिडे बसवली गेली. विमानाचे पंख उभे करून ठेवावेत, तशी ती दिसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये हे जहाज चीनहून ब्राझीलकडे निघाले. दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचले, असे पहिल्या सहा महिन्यांच्या अनुभवानंतर ते चालवणाऱ्या कंपनीने सांगितले. फ्रान्सचे ‘अ‍ॅनेमोस’ हे ८१ मीटर लांबीचे जहाज तर मुख्यतः शिडांवरच चालते. २०२४ मध्ये ते ल हावरहून न्यूयॉर्कला गेले. मात्र अशा जहाजांत भरला जातो तो मद्य, कॉफी असा भारी किमतीचा माल, ज्याच्यावर जास्त भाडे चढले तरी गिऱ्हाईक कुरकुर करत नाही.

आपला प्रश्न इथेच सुरू होतो. मराठवाड्यातून आजही कापसाच्या गाठी आणि सोयाबीनची पेंड जहाजाने परदेशी जाते. हा भारी किमतीचा माल नाही. इथे क्विंटलमागे पन्नास रुपयांनीही फरक पडतो. युरोपीय संघाने २०२४ पासून जहाजांच्या धुरावर पैसे आकारायला सुरुवात केली आहे. साऱ्या जगासाठी अशीच आकारणी करण्याचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये सागरी संघटनेपुढे आला आणि निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. आज ना उद्या समुद्रातल्या धुराची किंमत भाड्यात येणार. ते भाडे कोण भरणार? परदेशी गिऱ्हाईक, जहाजमालक, निर्यातदार, की बाजार समितीत काट्यासमोर उभा राहिलेला शेतकरी? साखळीत ज्याला भाव ठरवता येत नाही, त्याच्याच अंगावर शेवटचा भार येतो, हे कल्याण बंद झाले तेव्हाच्या गाडीवानानेही पाहिले होते.

म्हणूनच शिडांचा हा प्रयोग दूरच्या समुद्रातली गंमत म्हणून सोडून देता येत नाही. जे जहाज वाऱ्यावर इंधन वाचवील, त्याच्यावर धुराची आकारणी कमी बसेल. भारी इंधन परवडत नाही अशा साध्या मालाला तर वारा अधिकच सोयीचा. कापसाची गाठ नासत नाही. ती चार दिवस उशिरा पोचली तरी चालते, फक्त गिरणीला तिची तारीख आधी कळायला हवी. पूर्वी वारा कधी आणि कुठे मिळेल, हे तांडेलाच्या अनुभवावर ठरे. आज उपग्रह आणि हवामानाचे अंदाज तेच काम करतात. वारा पडला तर इंजिन आहेच. म्हणजे मोसमासाठी वर्षभर थांबण्याची सक्ती आता नाही. थोडे थांबण्याची तयारी मात्र लागेल आणि तिचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा लागेल. वायद्याच्या करारात चार दिवसांची सवड लिहिली, बंदराने शिडाच्या जहाजाला धक्का देताना थोडी लवचीकता ठेवली आणि वाचलेल्या इंधनाचा वाटा माल पिकवणाऱ्यापर्यंत पोचला, तरच हा जुना वारा नव्या काळात परवडेल.

वाफेच्या युगाने समुद्रातली वाट पाहणे संपवले, पण बीडच्या वाट्याला ती वाफ कधी नीटशी आलीच नाही. मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि बीड शहरातून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. कोळशाच्या युगाची सोय उशिरा पोचली आणि त्या युगाने बिघडवलेल्या हवामानाचा दुष्काळ मात्र वेळेवर पोचतो. पुढच्या युगाचे नियम आत्ता ठरत आहेत. जहाजांच्या भाड्याची चर्चा मुंबईच्या आणि दिल्लीच्या कचेऱ्यांत होईल, तेव्हा तिथे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांचाही आवाज हवा. तेरचे कापड जिथून गेले, त्या वाटेवरच्या लोकांनी तो मागितला तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. या व्यापारात ते दोन हजार वर्षांपासून आहेत.